आईच्या पैशांची मुखत्यार

शाळेत असताना मी मुलांना अधूनमधून एखादा शब्द देऊन त्याचा अर्थ नुसता अंदाजानं सांगायला लावत असे. 'कुलमुखत्यार' हा त्यातला एक आवडता शब्द. मुलं सांगायची, मुख म्हणजे तोंड, म्हणजे सगळ्या कुळाच्या वतीनं बोलणारा माणूस! उत्तर चुकीचं, पण गोड. खरं तर त्या शब्दात मुख नाही आणि कूळही नाही. दोन्ही शब्द अरबी, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आलेले. 'कुल' म्हणजे सगळं आणि 'मुख्तार' म्हणजे निवडलेला, ज्याच्या हाती अधिकार दिलाय तो. 'हे माझ्या अखत्यारीत नाही' असं आपण म्हणतो, तो अखत्यारही याच शब्दाचा सख्खा भाऊ.

हे सगळं आठवायचं कारण असं की 2017 साली मी माझ्या आईची मुखत्यार झाले. आज आहे का, हे मात्र चटकन सांगता येणार नाही. भाऊ, बहीण, भाचरं, माझ्या वयाच्या मैत्रिणी, सगळ्यांनी फोनवर तुकड्यातुकड्यानं मला हे विचारलं आहे. एकदा नीट लिहून काढावं म्हणते.

माझे वडील, आमचे नाना, लक्ष्मी रोडवरच्या सिटी पोस्टात कारकून होते. ते 2009 साली गेले. तेव्हापासून आईला फॅमिली पेन्शन मिळते. आई शाळेत चौथीपर्यंतच गेली, पण हिशेबाला भारी पक्की. सदाशिव पेठेतल्या वाड्यात बायकांची भिशी कायम तिच्याकडे असे. घरखर्चाची वही ती रोज रात्री लिहायची, अगदी देवाच्या उदबत्तीपर्यंत. नाना तिला पोस्टातल्या गोष्टी सांगायचे. मनिऑर्डर घ्यायला आलेली माणसं कशी न वाचता अंगठा उठवतात, आणि मग कोण कोण त्यांना कसं फसवतं. त्यामुळे 'न वाचता सही करायची नाही' हे वाक्य आम्ही तिन्ही भावंडं शुभंकरोतीइतक्या वेळा ऐकत वाढलो.

2017 च्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तीन महिने अंथरूण. डोकं मात्र तल्लख होतं. एक दिवस तिनंच मला बोलावून सांगितलं, "माझे व्यवहार आता तू बघ. बाळ नाशकात, धाकटी अमेरिकेत. तू दोन खोल्या पलीकडे." मग आमच्या ओळखीच्या वकिलांनी मुखत्यारपत्राचा मसुदा केला. नोटरी घरी आले. आईनं तो कागद दोनदा वाचून घेतला आणि एकच प्रश्न विचारला, "आणि मला हे परत घ्यावंसं वाटलं तर?"

वकील म्हणाले, "आजी, केव्हाही रद्द करता येतं."

"मग चालेल," म्हणून तिनं सही केली. त्या एका प्रश्नात सगळं काही होतं, हे पुढे कळायचं होतं.

त्याच आठवड्यात तिनं आणखी काही कामं केली. मृत्युपत्र केलं. पोस्टातल्या मासिक प्राप्ती योजनेत माझं नाव आधीच होतं, तेही 'जॉइंट बी' पद्धतीनं, म्हणजे दोघींपैकी कोणाचीही सही चालते. ('जॉइंट ए' असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतात. तुमच्या पासबुकावर काय आहे ते आजच बघून ठेवा.) बँकेत आमचं दोघींचं एक बचत खातं उघडलं, 'दोघांपैकी एक किंवा हयात असेल तो' या सोयीचं. पेन्शनच्या खात्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कम या खात्यात आपोआप यावी, असा अर्जही तिनंच सही करून बँकेला दिला. राहिली फक्त तिच्या एकटीच्या नावावरची एक ठेव. "ती माझी माझी राहू दे," म्हणाली. आम्ही हसलो. बाईमाणसाचं स्वतःचं असं काही असावं, हे तिचं जुनं मत.

पुढच्या वर्षापासून विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग नावं, मग दुपारचं जेवण झालं की नाही ते. 2019 च्या मार्चमध्ये आम्ही तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तीस गुणांची ती नेहमीची परीक्षा घेतली. आज काय तारीख, असं विचारल्यावर तिनं तिथी सांगितली, आणि बरोबर सांगितली! साल मात्र सांगता आलं नाही. शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी अशी घडाघडा उतरली. डॉक्टर थक्क. त्यांना काय माहीत, ही बाई पावकी, निमकी, औटकीवर वाढलेली. पण घड्याळ काढायला सांगितलं तेव्हा बाराही आकडे तिनं वर्तुळाच्या एकाच बाजूला दाटीवाटीनं लिहिले. आणि पाचशे रुपयांत काय काय येईल, हे मी नंतर रिक्षात विचारलं, तर म्हणाली, "वर्षाचे गहू."

डिमेन्शियात हे असं होतं. आकडेमोड टिकते आणि किंमत जाते. मंडईत मेथीच्या जुडीला वीस रुपये ऐकून ती भाजीवालीशी भांडली, आणि नंतर त्याच भाजीवालीला दोनदा पैसे दिले. एकदा पिठाच्या डब्यात जुन्या पाचशेच्या चार नोटा सापडल्या. 2016 च्या नोव्हेंबरातच रद्द झालेल्या. तिनं कधी ठेवल्या कोण जाणे. त्या मी तशाच तिच्या पेटीत ठेवल्या आहेत.

आपल्या देशात साठीच्या पुढच्या शंभरातल्या साधारण सात जणांना डिमेन्शिया आहे, एकूण सुमारे 88 लाख माणसं, असा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आला. यातल्या प्रत्येक घरात औषधपाण्याबरोबर पासबुकाचाही प्रश्न असणार. पण त्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण पैशाचं बोललं की लोभी दिसतो आपण.

निदान झाल्यावर मी पहिल्यांदा वकिलांना फोन केला. मला वाटलं होतं, मुखत्यारपत्र आता खरं कामाला येणार. ते म्हणाले, "ताई, उलट आहे. ते आता संपलं."

1872 चा आपला करार कायदा. त्याच्या 201 व्या कलमानुसार ज्यानं अधिकार दिला तो माणूस वारला, किंवा त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही, तर दिलेला अधिकार तिथंच संपतो. कायद्याच्या मराठीत 'मनोविकल' असा शब्द वापरतात. वकील म्हणाले, "तुमच्या आईनं विचारलेला प्रश्न आठवतोय? मेख तिथंच आहे. देणाऱ्याला परत घेता येतं, तोवरच मुखत्यारपत्र जिवंत. परत घ्यायची समज गेली की कागदाचा जीव गेला."

धाकटी बहीण न्यूजर्सीहून म्हणत होती, अगं, ड्युरेबल पॉवर ऑफ ॲटर्नी करून घ्यायची ना! तिकडे तशी सोय आहे. समज गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र. इंग्लंडातही 1985 च्या कायद्यानं ती आली. आपल्याकडे तसं मुखत्यारपत्रच नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आपण एक प्रतिनिधी नेमून ठेवू शकतो, पण तो उपचारांच्या निर्णयापुरता, पैशाअडक्यासाठी नाही. त्याआधीच्या 1987 च्या कायद्यात मिळकतीसाठी कोर्टाकडून व्यवस्थापक नेमून घेता येई, तो कायदा रद्द झाला आणि ती तरतूदही गेली. आता खरा रस्ता उरतो तो उच्च न्यायालयाचा. राज्यघटनेच्या 226 व्या कलमाखाली अर्ज करायचा, डॉक्टरांचे दाखले द्यायचे, मग कोर्ट पालक नेमतं. केरळ उच्च न्यायालयानं 2019 साली कोमातल्या रुग्णांसाठी याची पद्धत घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयानंही असे पालक नेमले आहेत. म्हणजे दार आहे, पण ते मुंबईला आहे, आणि वकिलाच्या फीशिवाय उघडत नाही.

मला पडलेला प्रश्न वेगळाच होता. मुखत्यारपत्र संपलं ते कोणत्या दिवशी? डॉक्टरांनी निदान लिहिलं त्या दिवशी? की भाजीवालीला दोनदा पैसे दिले त्या दिवशी? सकाळी दहा वाजता आई शहाणी असे आणि संध्याकाळी पाचला नानांची वाट बघत दारात उभी राही. माणूस हळूहळू विझतो, आणि कायद्याला एक तारीख हवी असते.

शेवटी तारीख मीच ठरवली. निदानाचा कागद हातात आला त्या दिवशी मुखत्यारपत्र पाकिटात घालून वर लिहिलं, 'वापरायचं नाही'. भावाला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं रोखठोक होतं. "ताई, बँकेला कशाला सांगायचं? आणि मुखत्यारपत्र नको तर नको, आई सही करते की अजून." आणि खरंच, आईची सही जशीच्या तशी होती. शेवटच्या अक्षराला ती एक छोटा झोका देते, तोसुद्धा. एका बँकेत मी चौकशीला गेले तर तिथला मुलगाही तेच म्हणाला, "आजींची सही जुळते ना, मग झालं."

बँक सही बघते, कायदा समज बघतो. यांच्या मधल्या फटीत किती घरांचे व्यवहार चालत असतील! मी त्या घरांना नावं ठेवणार नाही. दवाखान्याचं बिल समोर असतं तेव्हा कुणी कलमं वाचत नाही. पण मला जमलं नाही. जिनं जन्मभर 'न वाचता सही करायची नाही' म्हटलं, तिच्यापुढे कागद ठेवून बोटानं जागा दाखवायची आणि 'इथं सही कर हं' म्हणायचं? ती केलीही असती तिनं, मुकाट्यानं, माझ्यावर विश्वास टाकून. तेच मला नको होतं.

तेव्हा एकटीच्या नावावरची ती ठेव आजही तशीच आहे. मुदत संपली की आपोआप पुढे सरकते. बाकीचं मात्र तिनंच आधी केलेल्या सोयींवर चाललं. पोस्टातली योजना 2021 साली मुदतीला आली, ती जॉइंट बी असल्यानं अडलं नाही. पेन्शनमधून ठरलेली रक्कम येत राहिली. त्याच साली आई नव्वद वर्षांची झाली आणि केंद्र सरकारच्या नियमानं मूळ पेन्शनवर चाळीस टक्के जादा मिळू लागली. ऐंशीला वीस, पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, असे ते टप्पे आहेत. पण ही वाढ जमा होते तिच्या खात्यात, आणि बदलीच्या अर्जावर आकडा तोच 2017 चा. दिवसाच्या आणि रात्रीच्या मावशी, औषधं, डायपर यांचा खर्च त्यात भागत नाही. कमी पडतं ते आम्ही तिघं घालतो. म्हणजे आईचे पैसे आईच्या नावावर वाढताहेत, आणि आईचा खर्च मुलं करताहेत. भावाला हे विचित्र वाटतं. ते आहेच विचित्र. पुढेमागे मोठं दवाखान्याचं काम निघालं तर मुंबईचं दार ठोठवायचं, एवढं आम्ही तिघांनी ठरवून ठेवलं आहे.

दर वर्षी हयातीच्या दाखल्याचीही एक गंमत होते. ऐंशीच्या पुढच्यांना केंद्र सरकारनं नोव्हेंबरऐवजी ऑक्टोबरपासूनच सोय दिली आहे. पोस्टमन घरी येऊन बोटांचे ठसे घेतो, पण आईच्या बोटांवरच्या रेषा भांडी घासून आणि वयानं पुसट झालेल्या, यंत्राला दिसत नाहीत. मग चेहरा दाखवून दाखला काढायची सोय 2021 पासून झाली. त्यात डोळ्यांची उघडझाप करायची असते. आई डोळे मिचकाव म्हटलं की डोळे मिटून बसते, आणि नको म्हटलं की टकामका बघते. चौथ्या-पाचव्या खेपेला जमतं. ती हयात आहे हे सरकारला दरसाल पटवता येतं. तिला समजतं का, हे मात्र कुणी विचारत नाही.

आता जे लिहायचं ते जरा जड आहे. 2022 च्या सुमारास आईनं मला चोर म्हणायला सुरुवात केली. "माझे पैसे तू घेतलेस. नानांना सांगते." या आजारात हे होतं, बहुधा जवळच्या माणसालाच बोल लागतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी रोज ऐकायचं म्हणजे... असो. एकदा वहिनी आलेली असताना तिच्यासमोरही बोलली. वहिनी काही म्हणाली नाही, पण पदराशी चाळा करत राहिली. त्या रात्री मला झोप लागली नाही. आईच्या बोलण्यानं नव्हे, त्या गप्प बसण्यानं.

दुसऱ्या दिवसापासून मी आईच्या जुन्या वहीत, तिच्याच पद्धतीनं, डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च, हिशेब लिहायला घेतला. दर महिन्याच्या पाच तारखेला पानाचा फोटो भावंडांना जातो. मावशींचा पगार, औषधांची बिलं, केस कापायला आलेल्या मुलीचे दोनशे, सगळं. आता वहिनीच फोन करून विचारते, अहो ताई, पान नाही आलं अजून?

आईसाठी दुसरा उपाय केला. तिची जुनी खणाची चंची शोधून काढली, तिच्यात दहादहाच्या वीस नोटा भरल्या. ती चंची तिच्या उशाशी असते. 'पैसे कुठायत' म्हटलं की चंची, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर पोस्टाचं पासबुक. पासबुक हातात घेऊन ती आकडे मोठ्यानं वाचते, नानांसारखं, प्रत्येक शून्य वेगळं. त्या आकड्यांचा अर्थ तिला लागत नाही बहुतेक. पण वाचून झालं की शांत होते.

एकदा मात्र ती नेहमीसारखी चिडून नाही, अगदी स्वच्छ नजरेनं म्हणाली, "तुझ्याकडे नको आता. मी बघेन माझं." मी थिजलेच. हा आजार बोलत होता, की 2017 सालचा तो प्रश्न विचारणारी बाई? परत घ्यायचा हक्क वापरत होती का ती? कायदा म्हणेल, तिला ती समजच नाही. मी चंची तिच्या हातात दिली, पासबुक दिलं, वहीही दिली आणि म्हटलं, "घे. तुझंच आहे." तिनं सगळं मांडीवर घेतलं, अर्धा तास बसली. मग म्हणाली, "सांभाळून ठेव गं. मला कुठं आता." मी परत घेतलं. मला दुसऱ्यांदा निवडलं तिनं, असं मी मानते. कोर्टात हे टिकणार नाही, ठाऊक आहे.

नानांच्या तिथीला ती दर वर्षी अनाथ विद्यार्थी गृहाला 501 रुपये देत असे. जुन्या वह्यांत एकही वर्ष चुकलेलं नाही. तिला आता तिथी आठवत नाही. मग तिच्या पैशातून ते द्यावेत का? माझ्या हातातला पैसा तिच्या खर्चासाठी आहे, तिच्या पुण्यासाठी नाही, असंही म्हणता येईल. आम्ही तिघं फोनवर बोललो आणि देत राहायचं ठरलं. रक्कम तेवढीच, तिच्याच नावानं. तिच्या हिताचं काय एवढंच बघून चालत नाही, ती असती तर तिनं काय केलं असतं हेही बघावं लागतं. आणि त्यासाठी कुठलं कलम लागत नाही, तिच्या वह्या लागतात.

मी स्वतः आता सत्तरी कधीच ओलांडली आहे. नावं आठवायला वेळ लागतो. तेव्हा गेल्या दिवाळीत मुलगा आणि सून घरी असताना मी माझ्या कागदांची फाईल टेबलावर काढली. सगळ्या ठेवींवर दुसरं नाव घातलं. मुदतीआधी ठेव मोडायची झाली तर दोघांच्या सह्या लागू शकतात, म्हणून एकाच सहीवर चालेल असं बँकेला आत्ताच लिहून दिलं. पेन्शनमधून जाणाऱ्या रकमेचा आकडा दर दोन वर्षांनी बघायचा, असं कॅलेंडरवर लिहिलं. वारस नोंदी तपासल्या. 2025 च्या नोव्हेंबरपासून बँकेत चार जणांपर्यंत नावं देता येतात, तेही केलं. मृत्युपत्र केलं. मुखत्यारपत्रही केलं, त्याची मर्यादा मुलाला नीट समजावून. शिवाय एका वहीत लिहून ठेवलं की मला काय आवडतं, कुणाला दर वर्षी किती द्यायचे, आणि मी कुणाला चोर म्हणाले तर मनाला लावून घ्यायचं नाही.

मुलगा म्हणाला, "आई, हे काय आत्तापासून!" सून मात्र वही घेऊन बसली आणि तिनं दोन-तीन गोष्टी विचारल्या. तिच्याकडे बघून मला बरं वाटलं. या कामाला आत्तापासूनच बसायचं असतं, कारण आपण कुणाला निवडतोय हे आपल्याला कळतं आहे तोवरच ती निवड.

आज पाच तारीख आहे. पानाचा फोटो पाठवायचा आहे, आणि मावशी आज लवकर जाणार आहेत.